येतो म्हणाले होते

आमच्या ग्रुपच्या लीडरबाईला आम्ही तोंडावर ताई म्हणायचो आणि पाठीमागे मोजणीताई. विमानतळावर जमल्यापासून विमानात बसेपर्यंत तिनं आम्हाला सात वेळा मोजलं. आकडा खात्रीनं सांगते, कारण तिचं मोजणं मी मोजत होते. शेजारी वन्सं बसल्या होत्या, आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मी नेहमीच काहीतरी मोजत बसते. नाहीतर आमचं भांडण होतं.

तिची मोजायची पद्धत निराळी होती. बाकीचे लीडर समोर उभे राहून बोट नाचवत मोजतात. ही गुपचूप मागे जायची आणि आमच्या माना मोजायची. तिचे वडील बस कंडक्टर होते. चेहरे मोजायला गेलं की कुणी हसतं, कुणी काही विचारतं आणि आकडा हुकतो. मान काही बोलत नाही, असं त्यांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं. बारा वर्षं ती असे ग्रुप नेत होती. निम्मं जग पाहून झालं होतं, पण ते सगळं कुणाच्या ना कुणाच्या मानेपलीकडून. हे तिनंच मला नंतर हसत सांगितलं.

चाळिशीची, ठेंगणी बाई. पायात जाड तळाचे बूट, गळ्यात शिट्टी, चष्मा आणि ओळखपत्र अशा तीन दोऱ्यांचा गुंता. बोलणं तोडून टाकल्यासारखं. पहिल्या भेटीत मला ती मुळीच आवडली नव्हती. पण तिचा आवाज स्वच्छ होता, आणि मी माणूस आवाजावरून ओळखते. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली. समोरच्यानं नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी बातमी चांगली आहे की दवाखान्याची, हे मला कळायचं. या गोष्टीचा मला भारी गर्व होता. होता म्हणते, कारण त्या सकाळी तो पार उतरला.

विमानात माझ्या एका बाजूला वन्सं आणि दुसऱ्या बाजूला चावीवाले काका. काका पाणीपुरवठा खात्यात होते. जन्मभर पहाटे चारला उठून गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे. कुणाच्या नळाला किती वाजता पाणी येणार, हे त्यांच्या हातात. वय एकाहत्तर, बायको वारलेली, एकटेच आलेले. ग्रुपमध्ये त्यांचा आवाज कुणी ऐकला असेल तर तो मीच, आणि तोही दोन-तीन वाक्यांचा.

नऊ तासांच्या त्या प्रवासात काकांनी डोळा मिटला नाही. समोरचा पडदा लावला नाही, जेवणाचा ट्रे तसाच परत दिला. शर्टाच्या खिशात एक पाकीट होतं, त्यावर दर थोड्या वेळानं हात ठेवून बघायचे. मला वाटलं, पहिलाच विमानप्रवास, भीती वाटत असेल. मध्येच त्यांनी विचारलं, "तिथं पोचलं की घड्याळ नक्की किती मागं करायचं?" मी सांगितलं. त्यांनी तिथंच काटे फिरवले आणि मग त्या घड्याळाकडे बघत बसले.

उजाडायच्या सुमाराला ताई आमच्या रांगेपाशी आली, तेव्हा काकांनी तिला थांबवलं.

"ताई, उतरल्यावर थोडा वेळ मिळेल का हो? एकाला भेटायचं होतं."

"काका, फॉर्मवर सही केलीत ना? ग्रुप सोडून कुठंही जायचं नाही. आपला व्हिसा एकाच कागदावर आहे. चोवीस जण आत, चोवीस जण बाहेर. एअरपोर्टवरून बस थेट पुढच्या गावाला निघणार."

"बरं," काका म्हणाले.

ते 'बरं' मी ऐकलं. एक्स्चेंजमध्ये असते तर त्या 'बरं'वर कान टवकारले असते. पण रात्रभराच्या जागरणानं डोकं जड झालं होतं, पाय सुजून चपलेत मावत नव्हते, आणि वन्संना खिडकीची झडप उघडायची होती.

उतरलो. लांबलचक कॉरिडॉर, सरकते पट्टे, सगळीकडे काचा आणि त्या काचांत आमचेच चुरगळलेले चेहरे. पासपोर्टच्या खिडकीपाशी आम्हाला एका रांगेत उभं केलं. आतल्या अधिकाऱ्यानं पेनाच्या टोकानं आम्हाला मोजलं, कागद बघितला, पुन्हा मोजलं. ताईनं त्या कागदावर सगळ्यात खाली सही केली. शिक्के बसले. मग बॅगांचा पट्टा, मग ट्रॉल्या, मग सगळ्यांची एकदम बाथरूमकडे धाव. पावणेसात झाले होते.

मी बाहेर ट्रॉलीपाशी उभी होते. काका बाथरूममधून आले. तोंड धुतलेलं, केस ओले करून नीट बसवलेले, आणि हातात एक भरलेली कापडी पिशवी. विमानात ती नव्हती. त्यांनी आपली सुटकेस माझ्या ट्रॉलीवर ठेवली आणि म्हणाले, "येतो."

"या," मी म्हटलं.

एवढंच. मी ट्रॉली ढकलत ग्रुपच्या मागे निघाले. वन्सं म्हणत होत्या की इथली हवा कोरडी आहे, त्यांच्या टाचा फुटणार.

बस पार्किंगच्या अगदी टोकाला उभी होती. सामान पोटात गेलं, आम्ही वर चढलो, ताई मागच्या दारानं चढून मोजत पुढे आली. मग पुढून मागे गेली. मग उतरली, बसभोवती फिरली, पुन्हा चढली.

"तेवीस," ती म्हणाली. "चावीवाले काका कुठं आहेत?"

"आलोच म्हणाले," मी सांगितलं. "माझ्यापाशी बॅग ठेवली आणि आलोच म्हणाले."

ते शब्द माझ्या तोंडून इतके सहज गेले की मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आलोच म्हणालेला माणूस जवळपासच असतो. म्हणून सगळे जवळपास शोधायला लागले. पुरुषमंडळी बाथरूममध्ये जाऊन एकेक दार वाजवून आली. ताई चहाचा काउंटर, पुस्तकांचं दुकान, प्रार्थनेची खोली, प्रथमोपचाराची खोली, सगळं पालथं घालून आली. त्यांचा फोन बंद. मग लाउडस्पीकरवरून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. पण पुकारणाऱ्या बाईनं त्या नावाचं असं काही केलं की काका समोर उभे असते तरी त्यांनी ओ दिली नसती.

आठ वाजले. बसमध्ये कुजबुज सुरू झाली होती. ग्रुपमध्ये एक निवृत्त बँक मॅनेजर होते, त्यांना सगळे बँकवाले म्हणायचे. ते पुढच्या सीटवरून उठून उभे राहिले.

"ताई, नियम काय आहे?"

ताई काकांचा नंबर पुन्हा लावून बघत होती.

"मी फॉर्म वाचलाय. माणूस दोन तास सापडला नाही तर पोलिसांत नाव द्यायचं. सात वाजता तुम्ही मोजलंत. म्हणजे नऊ."

"माहीत आहे मला."

"नाही, आठवण केली."

मी खाली उतरले. ताई फुटपाथच्या कठड्याला टेकून फोनवर बोलत होती. ऑफिसातल्या साहेबांचा आवाज मला चार पावलांवरून ऐकू येत होता. "बॅग उघडून बघा," साहेब म्हणत होते.

आम्ही दोघींनी बसच्या पोटातून काकांची सुटकेस ओढली. ती एका हातानं निघाली. फुलासारखी हलकी. कुलूप नव्हतंच. आत दोन शर्ट, एक टॉवेल, दाढीचं सामान, आणि बाकी सगळी जागा रिकामी. विमानतळावर हीच बॅग वजनकाट्यावर ठेवताना काकांना दोन हात लागले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे आतलं सगळं त्या कापडी पिशवीत गेलं होतं. बी.पी.च्या गोळ्यांचा डबाही नव्हता.

"पासपोर्ट?" मी विचारलं.

"मी सगळ्यांचे गोळा करत होते तेव्हा म्हणाले, देतो नंतर." ताईनं सुटकेसचं झाकण लावलं. "दोन वर्षांपूर्वी माझ्या ग्रुपमधला एक जण असाच गेला. कामाला लागायला आला होता, टूर नुसती निमित्ताला. तेव्हा मला लेखी ताकीद मिळाली. पुन्हा झालं तर घरी, असं स्पष्ट लिहिलंय. आणि त्या कागदावर जामीन म्हणून सही माझी आहे. नाव द्यायला उशीर केला तर मीच त्यांना सामील, असं धरतात."

"मग देऊन टाका ना नाव," मी म्हटलं. खरं सांगते, तेव्हा मला काकांचा रागच आला होता.

"दिलं की ते पळून आलेल्यांच्या यादीत जातात. सापडले की थेट परतीच्या विमानात. कुठं गेले होते, का गेले होते, कुणी विचारत नाही. पुन्हा या देशात पाऊल ठेवता येत नाही." तिनं सुटकेस परत बसच्या पोटात ढकलली. "विमानात त्यांनी विचारलं होतं मला. एकाला भेटायचं आहे म्हणाले होते. कुणाला, एवढंसुद्धा मी विचारलं नाही."

मग आम्ही वाट बघत राहिलो. समोरून टॅक्सी यायच्या, माणसं उतरायची, ट्रॉल्या खडखडत जायच्या. प्रत्येक म्हातारा मला काकांसारखा दिसायला लागला. एकदा तर मी हाक मारून धावले, तर तो कुणी भलताच निघाला आणि त्यानं बिचाऱ्यानं मलाच रस्ता विचारला. वन्संनी बसच्या दारातून डोकं काढून सांगितलं की त्यांनी हे तेव्हाच ओळखलं होतं. कधी ओळखलं होतं, ते सांगितलं नाही.

पावणेनऊला ताईनं पिशवीतून फॉर्म काढला. नाव, वय, उंची, अंगावरचे कपडे. सगळं भरलं. मग एका रकान्यापाशी पेन थांबलं. शेवटी कुणाशी बोलले, आणि काय बोलले.

"मावशी," ती म्हणाली, "नीट आठवा. शब्द काय होते? तुमच्या शब्दांत नको. त्यांच्या."

"सांगितलं की. आलोच म्हणाले."

"ते 'आलोच' म्हणाले?"

मी डोळे मिटले. एक्स्चेंजमध्ये लाइन खराब असली की असंच करायचे. बाथरूमच्या दारातली ती वर्दळ, ट्रॉलीचं करकरणारं चाक, वन्संच्या टाचा, सगळं बाजूला सारलं आणि काकांचा आवाज तेवढा ऐकला. हलका, घसा खाकरून काढलेला, शेवटी जरा खाली उतरलेला.

"नाही गं," मी म्हटलं, आणि माझे कान तापले. "आलोच नाही म्हणाले. 'येतो' म्हणाले."

ताई माझ्याकडे बघत राहिली. तिला सांगायची गरज नव्हती. आपल्या भाषेत मागोमाग येणारा माणूस 'आलोच' म्हणतो. 'येतो' म्हणतो तो उंबऱ्यावर उभा राहून, निघताना. आणि त्याला आपण म्हणतो, 'या'. मी तेच म्हटलं होतं. तोंडाला बरोब्बर कळलं होतं, डोक्यालाच कळलं नव्हतं. काकांनी माझा रीतसर निरोप घेतला होता, मी रीतसर निरोप दिला होता, आणि मग सगळ्यांना दोन तास बाथरूमची दारं वाजवायला लावली होती. मला इतकी लाज वाटली की तिथल्या तिथं खाली बसावंसं वाटलं.

बँकवाले उतरून आमच्यामागे कधी उभे राहिले होते, कळलं नाही.

"म्हणजे निरोप घेऊन गेला," ते म्हणाले. "झालं तर मग. उरलं काय? द्या फॉर्म."

"निरोप घेतला," ताई म्हणाली. "पण 'जातो' नाही म्हणाले."

"अहो, 'जातो' कोण म्हणतं? ती बोलायची पद्धत आहे."

"हो. पद्धतच आहे." ताईनं फॉर्मची घडी केली. "ज्यांना जायचंच असतं, ते काही न बोलता जातात. दोन वर्षांपूर्वीचा तो माणूस माझ्या शेजारी उभा होता. हूं की चूं न करता गेला. काकांना मावशींशी बोलायची गरजच नव्हती. बॅग ठेवून सरळ चालू लागायचं."

"या एका शब्दावर तुम्ही आम्हाला तेवीस जणांना बसवून ठेवणार?"

"साडेनऊपर्यंत. त्यानंतर ड्रायव्हरला थांबता येत नाही, त्याच्या कामाचे तास भरतात. साडेनऊला मी नाव देते."

बँकवाले तरातरा वर गेले. ताईच्या हातातला फोन वाजला. साहेबच होते. तिनं तो हातात वाजू दिला, पार थांबेपर्यंत. मला तिची भीती वाटली आणि तितकाच अभिमानही वाटला, दोन तासांपूर्वी न आवडलेल्या त्या बाईचा.

"अगं, ते नाही आले तर?" मी विचारलं. तिला मी अगं-तुगं करायला लागले होते, आणि ते दोघींनाही खटकलं नाही.

"तर नोकरी गेली." तिनं फोन पिशवीत टाकला. "माझी मुलगी दहावीत आहे. मी टूरला निघाले की ती दारात उभी राहते. 'येते' म्हण, मग जाऊ देते. तीन वर्षांची होती तेव्हापासून. एकदा गडबडीत विसरले, तर जिना उतरून मागे आली. बारा वर्षांत मी ते एकदाही खोटं ठरवलं नाही, मावशी. आता ते नुसतं बोलायची पद्धत आहे असं मी मानलं, तर घरी जाऊन तिला काय सांगू?"

नऊ वाजले. नऊ दहा झाले. ड्रायव्हरनं सीट मागेपुढे करून पाहिली, आरसा पुसला, आणि ताईला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. नऊ वीसला त्यानं इंजिन सुरू केलं. ताई बसच्या दारापाशी उभी, हातात तो घडी घातलेला फॉर्म. एअरपोर्टच्या दारात दोन पोलीस उभे होते. ती त्यांच्याकडे बघत होती आणि अंतर मोजत असावी, कारण तिचे ओठ हलत होते.

नऊ पंचविसला ती चालायला लागली. मी तिच्या मागे.

अर्ध्या वाटेवर असताना एक पांढरी व्हॅन उलट्या बाजूनं पार्किंगमध्ये घुसली. बाजूवर कपड्यांच्या घड्यांचं चित्र होतं, लॉन्ड्रीची असते तसली. ती आमच्या बसपुढे आडवी थांबली. आधी एक बाई उतरली, पस्तिशीची, अंगात निळा एप्रन, केस जाळीत बांधलेले. तिनं पलीकडे जाऊन दार उघडलं आणि आतून चावीवाले काका उतरले. त्यांच्या हातात पिशवी नव्हती.

ताई धावत परत आली. मला वाटलं होतं ती रडेल. तिनं काकांना असं फैलावर घेतलं की बसच्या खिडक्या उघडल्या. तुम्हाला काय वाटतं, मी इथं कशाला उभी आहे, तुमच्या एका माणसापायी किती जणांचा जीव टांगणीला लागला, फोन कशाला बंद ठेवला होता. काका मान खाली घालून ऐकत राहिले. सगळं संपल्यावर म्हणाले, "येतो म्हणालो होतो मी. या बाईंना सांगून गेलो होतो."

मी माझ्या सुजलेल्या पायांकडे बघत होते.

"ही माझी मुलगी," काका म्हणाले.

मग तिथंच, चालू इंजिनाच्या आवाजात, त्यांनी सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. मुलगी नर्स झाली आणि परदेशात नोकरी धरते म्हणाली. काकांना ते नको होतं. त्यांनी तिची सगळी प्रमाणपत्रं आणि पुस्तकं कपाटात कुलूपबंद केली, म्हणजे ती जाणार नाही. ती कागदांवाचून गेली. निघताना आई दारात सांगत होती, 'येते' म्हण बाळा. पण ती बापाकडे बघून 'जाते' म्हणाली. अकरा वर्षं झाली. मध्ये आई गेली. कागदांवाचून इथं कुणी तिला नर्स म्हणून घेतलं नाही, म्हणून ती हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी धुते. काकांच्या बहिणीकडे तिची पत्रं यायची, त्यातल्या एका पाकिटावर लॉन्ड्रीचा पत्ता होता.

"आठला पाळी सुरू होते, असं पत्रात होतं," काका म्हणाले. "म्हटलं, ती आत जायच्या आधी फाटकावर गाठू. टॅक्सीनं चुकीच्या फाटकावर सोडलं. बरोबर फाटक सापडेपर्यंत ती आत गेलेली. रखवालदाराला माझं बोलणं कळेना. मग कपाटातलं तिचं जे सगळं पिशवीत आणलं होतं, त्यातली प्रमाणपत्रांची फाइल उघडली आणि त्यावरचा तिचा फोटो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला दाखवत उभा राहिलो."

"विसाव्या वर्षीचा फोटो," मुलगी पहिल्यांदाच बोलली. "तो बघून कोण ओळखणार मला?" तिचा आवाज कोरडा होता, पण कडेला ओलसर. एवढं मला अजून कळतं. "चादरींची गाडी बाहेर काढणाऱ्या बाईनं माझ्या हनुवटीवरचा तीळ ओळखला. ती आत येऊन म्हणाली, फाटकावर एक म्हातारा तुझी फाइल घेऊन रडतोय."

"रडत नव्हतो," काका म्हणाले.

"बरं."

ते 'बरं' हुबेहूब काकांचं होतं.

ताईनं हातातला फॉर्म उभा फाडला, मग आडवा, आणि तुकडे काकांच्या मुलीला दिसू नयेत म्हणून मुठीत धरले. मग तिनं साहेबांना फोन लावला. "चोवीस," एवढंच म्हणाली, आणि पलीकडून काही यायच्या आत ठेवून दिला.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. काका बसच्या पायरीवर चढले. मुलगी खाली, दोन हात एप्रनच्या खिशात. वर खिडक्यांतून बावीस माणसं बघत होती.

"येतो मी," काका शेवटी म्हणाले.

तिनं मान हलवली. मग ताईकडे वळून विचारलं, "शुक्रवारी कुठं असाल तुम्ही? मला सुट्टी असते."

ताईनं हॉटेलचं कार्ड काढून दिलं. मुलीनं ते वाचलं, खिशात टाकलं, आणि बापाकडे बघून म्हणाली, "येते."

काका दांडीला धरून उभे होते, ते तसेच उभे राहिले. पण सकाळपासून पोळलेली ताई असा शब्द नुसता सोडून देणार नव्हती.

"थांबा," ती म्हणाली. "येते म्हणजे? निघताय, की येताय?"

मुलगी जरा हसली. "दोन्ही," ती म्हणाली, आणि व्हॅनकडे गेली.

बस निघाली. बँकवाल्यांनी काकांना खिडकीजवळची आपली सीट दिली आणि आपण काही केलंय असं दाखवलं नाही. वन्संनी पाण्याची बाटली पुढे केली. ताईनं पिशवीतून कार्यक्रमाचा कागद काढला, शुक्रवारच्या जेवणापुढचा चोवीसचा आकडा खोडून पंचवीस केला, आणि मग सवयीनं मागे जाऊन उभी राहिली.

मी मागे वळले नाही. ती मोजत असताना मान हलवायची नाही, एवढं मला एव्हाना कळलं होतं. पुढे सरकणारा तिचा आवाज मी ऐकत होते, सतरा, अठरा, एकोणीस. पुढच्या सीटवर काकांची मान थरथरत होती, खालीवर होत होती. ताईचा आकडा तिथं चुकला आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.